हलणारा गोवर्धन

आमच्या घरात एका जागी स्वस्थ बसणारा एकच होता, तो म्हणजे पाट्यावरचा वरवंटा, आणि त्यालाही आई फार वेळ बसू देत नसे. बाकी आम्ही तिघं सतत चालू. बाबा बोटांच्या पेरांनी टकटक करायचे. भिंतीवर, दारावर, कलिंगडावर, पाण्याच्या पिंपावर, आणि मी जवळून गेले तर माझ्या टाळक्यावरही. ते भिवपुरीच्या वीजघरात कामाला होते. यंत्राला हात लावला की त्याचं पोट बिघडलंय की ठीक आहे ते त्यांना कळायचं, तेव्हा घरातल्या वस्तूही ते येता-जाता तपासून बघत असावेत, अशी माझी समजूत होती. आईची तऱ्हा निराळी. समोरचा जे बोलेल त्याचं शेपूट ती परत म्हणायची. बाबा म्हणायचे, "आज मला उशीर व्हईल." चुलीपाशी आई पुटपुटायची, "उशीर व्हईल." शेजारीण सांगायची, "कर्जतला कांदे लई महाग झाले." आई मान हलवून, "लई महाग झाले." ती चेष्टा करत नसे. बोललेलं तोंडातून एकदा फिरवल्याशिवाय तिला ते पोचतच नसे. नव्या माणसाला मात्र आपल्याला वेडावलं जातंय असं वाटायचं, आणि मग बाबांना दारापर्यंत जाऊन त्यांची समजूत घालावी लागायची.

आणि मी डुलायचे. मांडी घालून बसले की पुढे-मागे, उभी राहिले की डावी-उजवीकडे. पाढे म्हणताना, जेवताना, आरतीला, न्हाणीघरात. सोबत घशातल्या घशात एक हुंकार चालायचा. तोही माझा मी शोधलेला नव्हता. आमच्या क्वार्टर्समागे डोंगर, डोंगरावरून खाली उतरणारे पाण्याचे जाडजूड पाइप, आणि पायथ्याशी वीजघर. त्या वीजघराचा एक सूर दिवसभर वस्तीवर तरंगत असायचा. वस्तीतल्या लोकांना तो ऐकूही येत नसे, इतका सवयीचा. मला यायचा, आणि मी त्याला साथ द्यायचे. फार आनंद झाला तर भरीला माझे दोन्ही हात कोपरापासून फडफडायचे. शाळेत बाईंनी मला शेवटच्या रांगेत भिंतीकडे बसवलं होतं, कारण माझ्यामागे बसणाऱ्या मुलींना म्हणे गरगरायचं. वस्तीत माझं नाव कुंदा आहे हे निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. "ती डुलणारी" म्हटलं की पुरे.

मला थोपवायचा आईला सापडलेला एकच उपाय होता, आणि तो म्हणजे वाल. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. दोन बोटांत धरून हलका दाब दिला की साल बोटांत राहते आणि पांढरीशुभ्र डाळिंबी सुळकन परातीत. ते सुळकन निसटणं बोटांना इतकं गोड लागायचं की माझं डुलणं आपोआप थांबायचं. मला शांत बसवायची गरज आईला वरचेवर पडे, त्यामुळे आमच्याकडे बिरडंही वरचेवर होई. ओलं खोबरं, कोकम, आणि वरून कोथिंबीर. बाबा ताटाकडे बघून म्हणायचे, "आज पन पोरगी लई डुलली वाटतं." आई म्हणायची, "लई डुलली वाटतं."

या सगळ्या हलत्या घरात स्थिर अशी एकच व्यक्ती होती, माझी आत्या. बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर ती सासर सोडून आमच्याकडे आली होती, आणि लहानथोर सगळे तिला आक्का म्हणत. आत्या बसली की बसली. कीर्तनाला बसली तर उठेपर्यंत पदराची चुणीसुद्धा हलायची नाही. उजवा हात नेहमी पदराखाली, डावा मांडीवर, पाठ ताठ. वस्तीतल्या बायका आपापल्या पोरींना सांगायच्या, "बघ गं, आक्का कशा बसतात." मला तिचा हेवा वाटायचा. एका घरातले आम्ही, मग सगळी स्वस्थता देवाने हिच्याच ओटीत का घातली, असं मी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "ओटीत का घातली..." आणि चुलीतलं लाकूड आत सारलं.

आईची खरी काळजी मला तेव्हा कळत नव्हती. आता कळते. पोरगी वयात येत चालली, उद्या कोणी बघायला आलं तर हिचं हे डुलणं कसं लपवायचं? कळंबच्या आमच्या भावकीतल्या एका काकूने तर हिच्या अंगात येतंय, एकदा भगताला दाखवून आणा, असा सल्लाही देऊन ठेवला होता. आई चिडली होती तिच्यावर, पण घरी आल्यावर मला जवळ घेऊन कितीतरी वेळ माझे खांदे धरून बसली होती. धरून ठेवलं की मी डुलत नसे. सोडलं की सुरू.

आणि मग मामा आले. आईचे थोरले भाऊ, राहायला खोपोलीला. तिथल्या एका कारखान्यात ते कामगारांची हजेरी घ्यायचे, आणि हजेरीची ही सवय घरीही उतरली होती. त्यांच्याकडे मुलं ओळीने जेवायला बसत, घास चावण्याचा आवाज करत नसत, आणि मामांनी "हं" म्हटल्यावरच उठत. मामा खुर्चीत बसून हे सगळं बघायचे. हातात त्यांची चुन्याची पितळी डबी असायची. अंगठ्याने झाकण उघडायचं, मिटायचं. टक्. टक्. चुना लावायचा असो वा नसो. ती डबी म्हणजे मामाच, असंच आम्ही समजत होतो. त्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांची धाकटी मुलगी माझ्याबरोबर पाटावर डुलू लागली, आणि तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ. मामांना ते सोसलं नाही. श्रावणात ते मुद्दाम भिवपुरीला आले आणि आईला म्हणाले, "सुमे, पोरीला वर्षभर माझ्याकडं धाड. शाळा तिकडंच. ही खोड मोडून देतो."

बाबा भिंतीवर टकटक करायला लागले. मेव्हण्यापुढे त्यांचा आवाज कधी निघाला नाही.

"मोडून देतो," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिने नाही म्हटलं नाही. तिला खरंच वाटत होतं की भावाकडे जाऊन पोरीचं भलं होईल.

मामांची डबी वाजली. "आक्कांसारखं वळन लागलं पायजे पोरीला. बघ, घरात आदर्श हाय आन् पोरीला काय उपेग नाय."

आत्या उंबऱ्याशी बसली होती, नेहमीसारखी ताठ. ती म्हणाली, "दादा, गनपतीपरेंत थांबा. यंदाच्या देखाव्यात कुंदाला हुबी करते मी. पडदा पडस्तवर हलली नाय, तर राहू दे इथंच."

मामा हसले. "आन् हलली तर?"

"तर घिऊन जा."

आता हा देखावा काय ते सांगायला हवं. आमच्या वस्तीच्या गणपतीत जिवंत देखावा असायचा. माणसंच पोशाख करून मूर्तीसारखी उभी राहायची, पडदा उघडायचा, माइकवर कथा सांगितली जायची, आणि पडदा पडेपर्यंत कोणी पापणीही लववायची नाही, असा दंडक. हा दंडक वीजघराच्या स्टोअरमधल्या पेडणेकर काकांचा. ते लेखक, दिग्दर्शक, निवेदक आणि शिंपीसुद्धा. तालमीत ते टॉर्च घेऊन एकेकाच्या नाकापुढे उभे राहत आणि ओरडत, "श्वास दिसतोय! श्वास आत घ्या, बाहेर दिसू देऊ नका!" आजूबाजूच्या गावांतून लोक हा देखावा बघायला यायचे आणि चिखल तुडवत येऊनसुद्धा खूश होऊन परत जायचे. मला त्यात कधी घेतलं जाण्याचा प्रश्नच नव्हता. डुलणाऱ्या मुलीला पुतळा करणं म्हणजे मांजराला दुधाची राखण देणं. पण आत्या स्वतः काकांकडे गेली. आत्याच्या शब्दापुढे काका काय बोलणार? ते म्हणाले, "आक्का, तुमच्या भरवशावर घेतो. गोवर्धन उचलायचा आहे यंदा. ही गोपी. काठी लावून उभं राहायचं, बस्स."

मी काठी धरून अंगणात उभी राहून बघितलं. डोळे मिटून पुन्हा उघडायच्या आत मी डुलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर आत्याने मला क्वार्टर्सच्या मागे, पाइपांच्या बाजूला नेलं. तिथे करवंदीच्या जाळीआड एक सपाट कातळ होता. माणसांची ये-जा नव्हती, फक्त वीजघराचा सूर. आत्या म्हणाली, "हुबी ऱ्हा." मी उभी राहिले आणि डुलले. रडू आलं. मी म्हणाले, "आत्या, मला नाय जमनार. मला खोपोलीला नाय जायचं." ती माझ्यापुढे बसली, इकडेतिकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा उजवा हात पदराबाहेर आलेला पाहिला. मुठीत एक सागरगोटा होता. मुली खेळतात तसला, राखी रंगाचा, पण झिजून इतका गुळगुळीत झालेला की तळहातावर तेलाचा थेंब ठेवावा तसा चमकत होता. तिचा अंगठा त्याच्यावरून फिरत होता. थांबतच नव्हता.

"आत्या, तू हलतेस?"

"मग काय दगड हाय का मी?" ती हसली. "लहानपनी तुझ्याहून जास्ती डुलायचे. सासरी गेले तवा सासू पाठीत रट्टा घालायची. येकदा सागरगोटा हातात घिऊन बसले, तर डुलायची गरजच नाय लागली. मग तो पदराखाली गेला तो आजपरेंत. हलायचं त्ये आत हलायचं, कुंदे. भाईर दिसू द्यायचं नाय."

मी विचारलं, कुणाला ठाऊक आहे? म्हणाली, कुणालाच नाही. "आता तुला. आन् तू बोलायचं नाय कुनाला. लोकांनी मला लई मोठी करून ठिवलीय गं."

मग तिने मला सगळी विद्या दिली. पायाची बोटं जमिनीत रुतवायची आणि सोडायची. घागऱ्याखाली कोणाला दिसतंय? जीभ दातांवरून एका कडेकडून दुसऱ्या कडेला न्यायची, परत आणायची. काठी धरलेल्या मुठीत सागरगोटा ठेवायचा आणि करंगळीने फिरवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गुडघे आवळायचे नाहीत. "गुडघं आवळून ताठ हुबं ऱ्हायलं की डोळ्यांपुढं अंधारी येती. माझ्या लग्नात मंगलाष्टकं लांबली. मी लाजेनं गुडघं आवळून हुबी. पडले ना अंतरपाटासकट नवऱ्याच्या अंगावर! तेवढीच येकदा मिठी मारली चारचौघांत." असं म्हणून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. आत्याला अशी खळखळून हसताना घरात कोणी पाहिलं नव्हतं.

हे लिहिता लिहिता मी खुर्चीत डुलते आहे. खुर्चीची करकर ऐकून आतून मुलगा ओरडतो, "आई, तेल घालू का खुर्चीला?" मी म्हणते, घाल. खुर्चीला घाल, मला नको. माझी नात ओवी स्वमग्न आहे. बोलते थोडं. मिक्सर लागला की कानांवर हात ठेवून मागच्या खोलीत पळते. स्टीलचं झाकण फरशीवर गरगर फिरवायला तिला फार आवडतं. तिच्याबरोबर मी कर्जतला, अशा मुलांना शिकवणाऱ्या तिच्या बाईंकडे जाते. पहिल्यांदा मी त्यांना आमच्या घराची सगळी हकिगत सांगितली आणि विचारलं, मग आम्ही सगळेच तसे होतो का? बाई तरुण आहेत, हसऱ्या आहेत. म्हणाल्या, "नाही आजी. पाय हलवणं, बोटं मोडणं, पेन टकटकवणं, हे थोडंफार सगळ्यांचंच असतं. शरीर स्वतःला ताळ्यावर आणतं त्याने. ओवीला ते फार जास्त लागतं, आणि त्याशिवाय तिच्या अडचणी पुष्कळ आहेत. तुम्ही फक्त डुलता." मला ते पटलं. आमचं चिमूटभर, तिचं ओंजळभर. चिमूटवाल्यांनी "अगं आम्हालाही होतं तसं" म्हणून ओंजळवालीचं ओझं हलकं धरू नये. पण चिमूट माहीत असली तर ओंजळीकडे निदान डोळे वटारून बघितलं जात नाही. आत्यामागे माझ्याकडे आलेला सागरगोटा मी एकदा ओवीला दिला. तिने हुंगला, माझ्या हातात परत ठेवला आणि आपलं झाकण फिरवायला गेली.

तर देखावा. गणपतीत आमच्या घरी उकडीचे मोदक व्हायचे, आणि देखाव्याच्या दिवशी मोदकांच्या कळ्या पाडायचं काम मला दिलं होतं, कारण वालाइतकंच तेही बोटांना गोड लागतं. कळ्या इतक्या बारीक पडल्या की आईने शेजारणींना दाखवायला नेल्या. दुपारी मामा आले. आल्या आल्या त्यांनी माझी पत्र्याची पेटी कुठे आहे ते विचारलं. आईने ती भरूनच ठेवली होती. दोन परकर, शाळेची पुस्तकं, खोबरेल तेलाची बाटली. पेटी दाराशीच होती. मी आत्याकडे पाहिलं. तिने माझ्या मुठीत सागरगोटा दाबला. त्या दिवशी तिचा स्वतःचा हात रिकामा राहणार होता, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

मंडपात दिवेलागणीलाच गर्दी झाली. वीजघराची वस्ती, त्यामुळे उजेडाला तोटा नव्हता. बांबूंवर गोणपाट ताणून, त्यावर हिरवा आणि मातकट रंग फासून काकांनी डोंगर केला होता, अगदी आमच्या मागच्या डोंगरासारखा. तो दोरीने वर टांगला होता, पण खालून आम्हा गोपगोपींच्या काठ्याही त्याला टेकवलेल्या होत्या. मधोमध करंगळी वर करून कृष्ण, म्हणजे माधुरी. माधुरी ही वस्तीतली सगळ्यात शहाणी मुलगी. शाळेत तिचा हात बाकावरून हलत नसे. तालमीत काका तिच्या नाकापुढे टॉर्च धरत आणि गहिवरून म्हणत, "ह्याला म्हणतात पुतळा." मी तिच्या अगदी शेजारी. पहिल्या रांगेत लोखंडी खुर्चीत मामा, मागे बायकांत आई आणि आत्या, आणि बाबा खांबाशी उभे. पडद्याआडूनही मला दोन आवाज ओळखू आले. खांबावर टकटक आणि खुर्चीतून टक्, टक्.

पडदा उघडला. लोकांनी "अहाहा" केलं. काका माइकवरून इंद्राचा राग सांगू लागले. बोटं रुतव, सोड. जीभ इकडून तिकडे. करंगळीखाली सागरगोटा फिरतोय. आणि काय सांगू, मी उभी होते! कुणालाही काही दिसत नव्हतं आणि माझ्या आत सगळं मजेत हलत होतं. मामांची डबी उघडी राहिली. माझ्याकडे बघत ते मिटायला विसरले होते. मला इतका आनंद झाला की हात फडफडणार होते. ते मी मोठ्या कष्टाने थोपवले. काकांची कथा लांबत चालली. गर्दी बघून त्यांना चेव आला होता.

तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून मला माधुरीचा चेहरा दिसला. निळ्या रंगाखालीही तो पांढराफटक पडला होता. ओठांवर घाम. गुडघे खुंटीसारखे आवळलेले. ती एवढीशी पुढे झुकली, मागे आली, पुन्हा झुकली. समोर स्टेजची कड, खाली दगडी पायरी. मला कळलं की ही पडणार. आणि हेही कळलं की मी हलले तर ती पेटी उचलली जाणार. खोटं कशाला सांगू, मी थांबले होते. मनात म्हटलं, कोणीतरी दुसरं धरेल. पण दुसऱ्या सगळ्यांना हलायची बंदी होती, आणि ती त्यांना बिचाऱ्यांना पाळता येत होती.

मी काठी टाकली आणि माधुरीला कमरेला मिठी मारली. मुठीतला सागरगोटा टणटणत स्टेजवरून खाली गेला.  माझं तोंड सुटलं ते सुटलंच. "माधुरे, गुडघं सोड! पायाची बोटं हलव! सगळ्यांनी हलवा गं बोटं, न्हायतर पडाल समदी!" ताठ उभं राहून सगळ्यांचीच अवस्था अवघड झाली असावी. कारण हुकूम मिळाल्यासारखी सगळे गोपगोपी एकदम बोटं हलवू लागली. बोटांबरोबर पाय हलले, पायांबरोबर काठ्या, आणि काठ्यांबरोबर आख्खा गोवर्धन गदगदा हलू लागला. विंगेत पत्रा हलवून ढगांचा गडगडाट करणाऱ्याला वाटलं, हाच आपला इशारा. त्याने पत्रा असा झोडपला की पुढच्या रांगेतली तान्ही पोरं रडायला लागली. पेडणेकर काका क्षणभर आ वासून उभे राहिले. पण ते कसलेले गडी. माइक तोंडाशी नेऊन ते गरजले, "पाहा मंडळी, पाहा! इंद्राच्या कोपाने गोवर्धन हादरला! पण गोपाळांनी एकमेकांना सोडलं नाही!"

टाळ्यांनी मंडप दणाणला. शिट्ट्या काय, "गोपाळकृष्ण महाराज की जय" काय. माधुरी माझ्या खांद्यावर डोकं टेकून कुजबुजली, "कुंदा, सोडू नको." तिने करंगळी मात्र खाली येऊ दिली नव्हती.

पडदा पडल्यावर मी खाली आले तर मामा वाटेतच उभे. दोन बोटांत सागरगोटा. तो घरंगळत नेमका त्यांच्या पायाशी गेला होता. आई-बाबा, आत्या, आजूबाजूला बायका, माधुरीची आई, सगळे जमले होते. मामा म्हणाले, "त्या पोरीला सावरलंस, ते ब्येस झालं. पन ठरलं व्हतं ते ठरलं व्हतं. हलली ती हललीच. आन् हे कुनाचं?"

मी "माझा" म्हणायला तोंड उघडलं. आत्याला मी शब्द दिला होता. पण आत्या पुढे आली, मामांच्या हातातून सागरगोटा घेतला आणि म्हणाली, "माझा हाय."

"तुमचा? तुमाला काय करायचा, आक्का?"

सगळ्या बायका ऐकत होत्या. ज्यांच्या पोरींना आत्याचं नाव सांगून बसवलं जायचं त्या सगळ्या. आत्याचा चेहरा लाल झाला होता. तिने तळहात उघडा केला आणि सागरगोटा सगळ्यांदेखत अंगठ्याने फिरवायला लागली. "ह्ये करायचा. सासरी गेल्यापासनं ह्येच करतेय. तुमी ज्या आक्काचा दाखला देता ना दादा, ती आक्का पदराखाली आयुष्यभर हलतेय."

 मामांचा अंगठा आपसूक डबीवर गेला. टक्. टक्. त्या गप्प घोळक्यात तो आवाज फारच मोठा आला. आत्याने डबीकडे पाहिलं. मग माधुरीच्या आईने पाहिलं. मग सगळ्यांनी. बाबांची खांबावरची टकटक थांबली, त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, आणि ते खोकल्याच्या मिषाने हसायला लागले. मामा डबीकडे असे बघत होते, जणू ती दुसऱ्याच कोणाची तरी त्यांच्या हातात आली होती.

आणि त्यात आईचा आवाज आला. नेहमीसारखा, शेपूट उचलणारा, पण सावकाश. "आयुष्यभर हलतेय." ते पोचायला तिला जरा वेळ लागला. मग तिने माझा हात धरला. खांदे नाहीत, हात. आणि भावाकडे सरळ बघून म्हणाली, "दादा, कुंदा खोपोलीला नाय यायची." क्षणभर थांबली आणि म्हणाली, "नाय यायची." स्वतःचंच वाक्य तिने परत म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. माझे हात फडफडायला लागले, एक तिच्या हातात असूनही, आणि तिने तो सोडला नाही.

मामा तसे दिलदार होते. त्यांनी डबी खिशात घातली, लगेच काढली, पुन्हा घातली, आणि शेवटी कपाळाला हात लावून म्हणाले, "सुमे, मोदक हायेत का नाय घरात?" बसल्या बैठकीला त्यांनी ताट रिकामं केलं. सकाळी ते एकटेच परत गेले.

देखाव्याला पुढच्या दिवशी दुप्पट गर्दी आली. लोक हलणारा डोंगर बघायचा म्हणून आले होते. काकांनी मला रात्रीतून बढती दिली. मी काठी हलवायची, तो इशारा धरून सगळ्यांनी हलायचं.

मामा गेले त्या दुपारी मात्र जेवणं आटोपल्यावर मी दाराशी आले, तर आत्या उंबऱ्याशी बसली होती. पाठ तशीच ताठ. पण उजवा हात पदराच्या वर, मांडीवर उघडा, आणि त्यात सागरगोटा फिरत होता. समोरून पाण्याला जाणाऱ्या बायका बघत होत्या. तिने हात आत घेतला नाही. थोड्या वेळाने तिची पाठही सैल झाली आणि ती पुढे-मागे डुलायला लागली, हळूहळू, सवय सुटलेल्या माणसासारखी. आई आतून चहाचा कप घेऊन आली. तिने पाहिलं, कप आत्याच्या डाव्या बाजूला ठेवला आणि म्हणाली, "आक्का, च्या घ्या. उजवा हात नका काढू कामातून."

मी आत्याशेजारी जाऊन बसले आणि आम्ही दोघी डुललो.